अंगणातला नारळ आणि दुष्काळाचे वण

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'कल्पवृक्ष नारळ' हा निबंध मुलांनी लिहिला की त्यात समुद्रकिनारा, खारा वारा, कोकण असं सगळं येतं. छत्रपती संभाजीनगरातल्या मुलांच्या निबंधात! सिडकोत, गारखेड्यात घराघरापुढे नारळ उभा आहे, तो मात्र वहीत उतरत नाही. म्हणून 2025 मध्ये माझ्या सहावीच्या काही मुलांना, गाईड घरी ठेवायला सांगून, आमच्या अंगणातल्या झाडाखाली आणलं.

नारळाला आपली हवा फारशी मानवत नाही, हे खरंच आहे. कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, आपल्याकडे सातशेच्या आसपास. त्यात एप्रिल-मे महिन्यातलं कोरडं ऊन. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी हवं आणि आपल्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं काही दिवसांआड. आमच्याकडे भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडालाच जातं. आळं मात्र बुंध्यापासून दीड-दोन मीटरपर्यंत पसरट हवं. नारळाला सोटमूळ नसतं, तंतुमुळं असतात आणि ती वरच्या थरातच पसरतात. आळ्यात वाळक्या झावळ्या अंथरा, ओल टिकते.

मुलांना खरी गंमत वाटली ती खोडाची. गळालेली प्रत्येक झावळी खोडावर एक वण ठेवून जाते आणि मोठ्या झाडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात. म्हणजे बारा वण, एक वर्ष. आमच्या झाडाचं खोड एका ठिकाणी जरा बारीक झालंय आणि तिथले वणही दाटीने आहेत. मोबाईलवर फोटो मोठा करून पोरांनी शेंड्याकडून तिथपर्यंत मोजलं : पंच्याऐंशी वण. डोक्यावरच्या हिरव्या झावळ्या तीसेक. एकूण एकशे पंधरा, भागिले बारा, म्हणजे साडेनऊ वर्षं. "सर, म्हणजे 2015-16!" मराठवाड्यातला तो दुष्काळ, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो. अंदाजच आहे हा, एखाद-दुसरं वर्ष इकडे-तिकडे होईल. पण आंबा-लिंबासारखं नारळाचं खोड मागाहून जाड होत नाही, त्यामुळे बारीक राहिलेला भाग कायम बारीकच राहतो. गणित, विज्ञान आणि इतिहास एका तासात झाले, तेही फळ्याशिवाय.

पालकांशी थोडं वेगळं बोलायचंय. आमच्या शेजारच्या काकांचा नारळ सध्या धरत नाही, म्हणून ते तो तोडायला निघाले होते. नारळाचा फुलोरा बाहेर दिसतो, त्याच्या दोन-अडीच वर्षं आधीच तो आत घडायला लागलेला असतो. पुढे नारळ पिकायला आणखी बारा महिने. म्हणजे 2023 चा पाऊस कमी पडला आणि पुढचा उन्हाळा कडक गेला, त्याचा फटका आत्ता दिसतोय. यंदा घातलेल्या पाण्याचा पुरता हिशोबही यंदा मिळणार नाही.

फक्त शेंड्याचा कोंब जिवंत आहे ना, एवढं बघा. नारळाला तो एकच असतो, तो मेला की झाड गेलं. नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर गेंड्या भुंगा लागलाय असं समजा आणि शेंडा साफ करवून घ्या. काकांच्या झाडाचा कोंब हिरवागार आहे. 2027 च्या पावसाळ्यापर्यंत थांबायला ते कबूल झालेत, पण पाणी आमच्याकडून न्यायच्या अटीवर!