बटणावरची अक्षरे आणि बटणाचे नाव

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारासाठी हापूसच्या पेट्यांच्या मागणीचा ऑनलाइन अर्ज जावामध्ये रचायचा झाल्यास त्याच्या तळाशी ‘नोंदवा’, ‘बदल करा’ आणि ‘रद्द करा’ अशी तीन बटणे येतात, आणि कोणते बटण दाबले गेले हे ओळखून नेमकी मेथड, म्हणजे ते काम करणारा प्रोग्रामचा भाग, चालवणे ही सर्व्हरची जबाबदारी ठरते. साध्या सर्व्हलेटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर विनंती हाताळणाऱ्या जावा प्रोग्राममध्ये, हा निवाडा जर-तरच्या अटींनी होतो; बटणे वाढली की तो वाचणेही जड जाते.

स्ट्रट्स या जावाच्या चौकटीच्या (फ्रेमवर्कच्या) पहिल्या पिढीतील ‘डिस्पॅचॲक्शन’ अर्जातून आलेल्या एका ठरावीक मूल्यालाच मेथडचे नाव मानतो. मात्र साध्या सबमिट बटणाचे मूल्य म्हणजे त्यावर दिसणारी अक्षरेच असतात. जावाला देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ‘नोंदवा’ नावाची मेथड खरोखर लिहिता येते, पण ‘बदल करा’ मधल्या मोकळ्या जागेपाशी ही सोय संपते. ‘लुकअपडिस्पॅचॲक्शन’ ही अडचण ओळखून बटणावरच्या मजकुरावरून भाषांतराच्या फाइलीतील किल्ली शोधतो आणि किल्लीवरून मेथड. युक्ती देखणी आहे, तरी मराठीत तिची खरी कसोटी लागते. ‘रद्द’ या शब्दात र, द, हलन्त आणि द अशी चार चिन्हे असून यूटीएफ-८ या संकेतात प्रत्येकाला तीन बाइट लागतात. सर्व्हरने ते बारा बाइट जुन्या आयएसओ-८८५९-१ संकेताने वाचले, तर बारा निरर्थक चिन्हे हाती येतात, किल्ली सापडत नाही आणि ग्राहकाची मागणी रद्द होत नाही.

म्हणून प्रत्येक बटणाला स्वतंत्र आंतरिक नाव देण्याची रीत अधिक भरवशाची वाटते. दाबलेल्या बटणाचेच नाव सर्व्हरकडे जाते, आणि स्प्रिंग या दुसऱ्या चौकटीत २००७ च्या २.५ आवृत्तीपासून मेथडच्या डोक्यावर टीप, म्हणजे ॲनोटेशन, लिहून ‘हे नाव आले तरच ही मेथड’ अशी अट घालता येते. उद्या ‘रद्द करा’ ऐवजी ‘मागणी मागे घ्या’ लिहिले, तरी आतले काही हलत नाही. एक सावधगिरी मात्र उरते: ग्राहकाने पेट्यांची संख्या लिहून एंटर दाबले, तर ब्राउझर अर्जातील पहिले सबमिट बटण दाबले असे धरतो, त्यामुळे अर्जाच्या रचनेत ‘नोंदवा’ हे ‘रद्द करा’ च्या आधीच यायला हवे.