रंगाचं पाणी

आमच्या वेळी हायस्कुलात चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा यायचा, तोही जेवणाच्या सुटीनंतर. गणित, इंग्रजी, विज्ञान हे खरे विषय. चित्रकला अन् पी.टी. म्हणजे वेळापत्रकातली खोगीरभरती, असं पोरांनाच नाही तर बाकीच्या मास्तरांनाही वाटायचं. परीक्षा जवळ आली की पहिले बळी चित्रकलेच्या तासाचाच जायचा. पण ज्या एका तासाला आम्ही पोट्टे आपणहून चूप बसायचो, तो हाच. सरांकडं छडी नव्हती. त्यांच्या तासाला नियम तेवढे होते, अन् नियम मोडला की तो आपल्याच कागदावर दिसायचा.

मी देवळीकडच्या एका खेड्यातला. 1973 साली आठवीत गेलो, 1976 ला दहावी झालो. अकरावीची म्याट्रिक जाऊन दहावीची परीक्षा सुरू झाली ती 1975 ला, म्हणजे आमच्या एकच वर्ष आधी. घरी पंधरा एकर कोरडवाहू. पऱ्हाटी, तूर, जवारी. दहावीनंतर मी शेतातच लागलो. पण चित्रकलेच्या तासाचे नियम आजही मला जसेच्या तसे पाठ आहेत.

पहिला नियम सामानाचा. कागद, पेन्सिल, खोडरबर, रंगपेटी अन् ब्रश, अशी यादी सर फळ्यावर लिहून द्यायचे. वर्गात चाळीस पोरं. त्यातल्या सात-आठ जणांकडंच रंगपेटी. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत वहीला पैसे नसायचे, तिथं रंगाला कोण देणार? सरांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, "रंगपेटी नाही आणली तर चालेल. हात हलवत आलात तर चालणार नाही." मग ज्याला जे जमेल ते आणायचं. कोणी घर सारवायचा गेरू, कोणी कपड्याची नीळ, कोणी चुलीतला कोळसा, कोणी हळद. शिमग्याच्या सुमारास पळसाची फुलं उकळून पिवळा-केशरी रंग निघायचा. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात रंग कालवायचा, म्हणजे तो कागदाला धरून राहते. शिंदीच्या काडीचं टोक दगडानं ठेचलं की झाला ब्रश. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे एका पोराला चुकून कळलं. हळदीचा पिवळा उन्हात ठेवला तर उडून जाते, हेही तिथंच कळलं. रंगपेटीवाल्या पोरांनी पेटी टेबलावर मोकळी ठेवायची, बाकीच्यांनी गेरू-नीळ तिच्याच शेजारी. ज्यानं दुसऱ्याचा रंग घेतला त्यानं ब्रश धुऊन मगच पेटीत घालायचा. पिवळ्याच्या वडीत काळा ब्रश बुडवला तर पुढच्याचं सूर्यफूल मळते. सर कोणाला रागवायचे नाहीत. ज्याचं सूर्यफूल मळलं तोच रागवायचा.

दुसरा नियम पाण्याचा. डालड्याचे रिकामे डबे होते. दर तासाला चार पोरांची पाळी. हापशीवरून पाणी आणायचं, दर बाकावर दोन डबे ठेवायचे, एक ब्रश धुवायला अन् एक स्वच्छ. तास संपला की रंगाचं पाणी वर्गापुढं सांडायचं नाही, कुंपणाजवळच्या लिंबाच्या रोपट्याला घालायचं, डबे घासून पालथे मारायचे. पाळीवाले सगळ्यात शेवटी घरी. पाळी हजेरीपटाच्या नंबरानं लागायची. कोणाच्या हातचं पाणी कोणाला चालते अन् कोणाला नाही, हे गावात अजून पाहिलं जायचं, असा तो काळ. सरांनी त्यावर कधी भाषण दिलं नाही. ते नुसता हजेरीपट वाचायचे. ज्याचा नंबर तो उठायचा, अन् सगळ्यांचे ब्रश त्याच पाण्यात बुडायचे.

तिसरा नियम पोरांना सगळ्यात अवघड जायचा. टेबलावर वस्तू मांडली, तांब्या म्हणा, मडकं म्हणा, की दहा मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची नाही. नुसतं पाहायचं. सर विचारायचे, "तांब्याचं तोंड कसं दिसते?" आम्ही म्हणायचो, "गोल." "गोल आहे हे तुला माहीत आहे. तिथं बसून तुला दिसते कसं, ते सांग." मग डोक्यात उजेड पडायचा की बाकावरून ते चपटं दिसते, अन् मागच्या बाकावरून अजून चपटं.

एकदा त्यांनी सगळ्यांना पऱ्हाटीचं फूल आणायला लावलं. आमची सगळी जिंदगी पऱ्हाटीत. पण चित्रं झाली अन् दोघांची बाचाबाची लागली. एकानं फूल पिवळसर पांढरं रंगवलं होतं, दुसऱ्यानं गुलाबी. पहिला म्हणे, "पऱ्हाटीचं फूल का गुलाबी रायते बे?" फुलं तर दोघांच्याही पुढ्यात होती. सरांनी एवढंच विचारलं, "फूल कधी तोडलं?" एकानं त्याच दिवशी उमललेलं तोडलं होतं, दुसऱ्यानं आदल्या दिवशी उमललेलं. पऱ्हाटीचं फूल उमलते तेव्हा फिकट असते अन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. दोन्ही चित्रं बरोबर निघाली. हे आमच्या बापांना, आज्यांना माहीत होतंच. पण आम्ही जन्मापासून त्या वावरात फिरून थांबून कधी पाहिलं नव्हतं. पुढं 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडची पऱ्हाटी खाल्ली. त्या वर्षी न उमललेलं, पाकळ्या पिळून मिटलेलं फूल, ज्याला डोमकळी म्हणतात, ते मला दुरूनच डाचलं. डोळ्याला ती सवय कुठून लागली, हे मी कोणाला सांगत बसलो नाही.

चौथा नियम, दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. सरही लावायचे नाहीत. कोणाचा बैल गाढवासारखा झाला तर ते त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात बोटभर बैल काढून दाखवायचे, पण पोराच्या रेघेवर आपली रेघ कधी ओढायचे नाहीत. छापून काढलेलं चित्र ते न बोलता परत द्यायचे. वाईट चित्राला हसणाऱ्याला पुढच्या तासाला पाण्याची पाळी.

नववीत, 1974 साली, सरांनी नऊ जणांना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. ही सरकारची रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, भूमिती अन् अक्षरलेखन. पास झालं की ए, बी, सी अशी ग्रेड. केंद्र दूरच्या शाळेत, दोन दिवस जायचं. आमच्यात हात सगळ्यात चांगला एका पोरीचा. आईबाप दोघंही मजुरीला. तीही शाळा बुडवून निंदणाला जायची, हाताला विळ्याचे वार असायचे, अन् त्याच हातानं अशी नक्षी काढायची की पाहत राहावं. परीक्षा नेमकी निंदणाच्या दिवसांत आली. सर तिच्या घरी गेले. तिचा बाप म्हणाला, "गुर्जी, पोट्टी गेली तं दोन दिवसाचा रोज बुडते. अन् चित्र काढून का पोट भरते?"

सरांनी वर्गात येऊन सांगितलं, आठच फॉर्म जातील. कारणही सांगितलं. आम्ही काय करावं ते सांगितलं नाही. मागच्या बाकावरचा एक दांडगा पोरगा, ज्याला स्वतःला सरळ रेघ मारता येत नव्हती अन् जो परीक्षेला बसणारही नव्हता, तो उठून म्हणाला, "सर, रोज आमी भरून देतो." कसा? तर ज्या वावरात तिचं काम लागलं होतं ते त्याच्या काकाचं. रविवारी आम्ही अकरा पोट्टे विळे घेऊन गेलो. निंदण बायांचं काम. बायांच्या शेजारी पात धरून आम्ही वाकलो तं त्या पदर तोंडाला लावून हासल्या. दुपारपर्यंत कमरेचे काटे ढिले झाले. गवतासोबत आम्ही काकाची अंबाडीही उपटली, त्यावरून तो संध्याकाळपर्यंत बडबडला. पण दोन दिवसाचा रोज त्यानं तिच्या बापाच्या हातात मोजून दिला. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी फॉर्मवर अंगठा आला.

तिला बी ग्रेड मिळाली, मला सी. दहावीला ती नव्हती, लग्न होऊन यवतमाळकडं गेली. काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. नातवंडं झालेली बाई. म्हणाली, "सर्टिफिकेट अजून पेटीत आहे, भाऊ. पोळ्याले भिंतीवर बैल काढतो तं गावच्या बाया पाहाले येतात." पोट भरते की नाही भरत, याचा हिशोब मी तिला विचारला नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. ती वर्ध्याला हायस्कुलात आहे. यंदा शाळेनं चित्रकलेच्या तासाचा एक छापील कागद पाठवला. सामान वेळेवर आणावं, आपली जागा स्वच्छ ठेवावी, दुसऱ्याचं काम बिघडवू नये, चित्र स्वतः काढावं, दिलेल्या दिवशी जमा करावं. खाली विद्यार्थ्याची सही, पालकाची सही. पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, न वाचताच सही ठोकली. तो म्हणे, "बाबा, इंटरमिजिएटचे दहावीत मार्क वाढून भेटतात. ए ले सात, बी ले पाच, सी ले तीन. काढू दे तिले." मार्कांना माझा विरोध नाही. गरिबाच्या पोराला तीन मार्कही कामी येतात. पण मार्कांपायी मोबाइलमधलं चित्र पाहून तेच वीसदा गिरवून पाठ करतात, अन् परीक्षेत स्मरणचित्र म्हणून उतरवतात. घरोघरी तीच जत्रा, तोच फुगेवाला. आमच्या घोराडच्या यात्रेला गेलेलं पोरगंही तिथला फुगेवाला काढत नाही, मोबाइलमधला काढते. मग त्यानं पाहिलं काय?

अन् वर्ध्याच्या मातीत ही गोष्ट नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली ती वर्ध्यालाच. तिथून नयी तालीम निघाली, अन् झाकिर हुसेन समितीनं तिचा जो अभ्यासक्रम केला त्यात सूतकताई अन् गणिताच्या बरोबरीनं चित्रकला होती. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 ला सेवाग्रामला आले अन् बरीच वर्षं तिथल्या पोरांना चित्रकला शिकवत राहिले. त्याच जिल्ह्यात आज खेड्यातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर शोधून सापडत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कलेचा अर्धवेळ शिक्षक लिहिला आहे, पण त्या वर्गांत शंभराहून जास्त पोरं असतील तर. आमच्या गावच्या शाळेत तेवढी पोरं आणायची कुठून? म्हणजे लहान गावच्या पोरांनी पाहायला शिकायचंच नाही की काय?

तो छापील कागद मी दोनदा वाचला. एकही नियम वावगा नाही. आमच्या सरांनी हेच सांगितलं होतं, फक्त छापून दिलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यात मला दिसली नाही. सामान आणावं, हे लिहिलं आहे. ज्याच्याजवळ सामान नाही त्याच्याबद्दल बाकीच्यांनी काय करावं, हे नाही. ते नियमात बसवताही येत नसेल. आम्हालाही कोणी लिहून दिलं नव्हतं.

नातीला म्हटलं, "बाई, दप्तरात दोन कागद जास्तीचे ठेवत जा. अन् एक पेन्सिल."

"कोणासाठी, आबाजी?"

"ते मी इथून कसं सांगू? वर्गात बसल्यावर आधी दहा मिनिटं नुसतं पाह्यजो. दिसन."