पडद्यावर न येणाऱ्या होड्या

गावात बांधलेल्या होडीला कारखान्याचा नकाशा नसतो. लांबी नाखव्याच्या ऐपतीप्रमाणे, बाक सुताराच्या नजरेप्रमाणे, इंजिन मिळेल त्या एचपीचं. हल्ली लाकडावर फायबर चढतं किंवा अख्खी होडीच फायबरची होते, पण केबिनमध्ये सुकाणूपुढे एक फळी ठोकून ‘इथे यंत्रं लावा’ म्हणायची रीत तीच आहे. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीच्या दोन्ही काठांवर, इकडे भाट्यात आणि पलीकडे राजिवड्याला, माझं काम त्या फळीपासून सुरू होतं. वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर हे तिथले जुने मानकरी. त्यांत आता आणखी दोन आले: आसपासची जहाजं दाखवणारा एआयएस रिसीव्हर आणि हवामानाचे संदेश घेणारी पेटी.

घरी विमान बांधणाऱ्यांपुढेही अशीच कोरी फळी असते. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. अमेरिकेत अशी घरची विमानं हजारोंनी आहेत. तिथले कारागीर पॅनेलमध्ये दोन रिसीव्हर आवर्जून बसवतात. एक १०९० मेगाहर्ट्‌झवर इतर विमानं आपापली जागा सांगत असतात ते ऐकतो. दुसरा ९७८ मेगाहर्ट्‌झवर जमिनीवरच्या केंद्रांकडून फुकट मिळणारं हवामान घेतो. भारतात ही ९७८ ची सोय नाही. पण त्या लोकांच्या कामाबद्दल वाचताना मला काहीच परकं वाटत नाही. वीज कुठून घ्यायची, अँटेना कुठे न्यायची आणि पडद्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तीन प्रश्न त्यांचेही आहेत.

नाखव्याला आधी पडदा बघायचा असतो. मी आधी बॅटरी बघतो. स्टार्टर मारला की बॅटरीचा दाब क्षणभर कोसळतो आणि त्याच तारेवर बसलेली पेटी बंद पडून पुन्हा सुरू होते. म्हणून यंत्रांसाठी बॅटरीपासून थेट तारांची वेगळी जोडी आणायची, आणि फ्यूज पेटीजवळ न लावता बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा. मधली तार घासून उघडी पडली तर आग तिथे लागते. ऋण तारही बॅटरीवरूनच आणायची, इंजिनाच्या अंगावरून नाही. आणि तार कथील चढवलेल्या तांब्याची. घरातली साधी वायर खाऱ्या हवेत बाहेरून नवी दिसते, पण सोलून बघावी तर आत कळंक चढून काळीहिरवी झालेली असते. केबिनच्या भोकातून आत शिरण्याआधी तारेला बाहेर खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळतं, आत येत नाही. ही कामं झाल्यावर दिसत नाहीत, आणि मला त्यांचाच अभिमान आहे.

अँटेना मात्र सगळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर वादही होतात. एआयएस चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे वायरलेसच्याच पट्ट्यात, आणि या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. हिशेब सोपा आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला २.२ ने गुणायचं. आलं तितके सागरी मैल त्या अँटेनाचं क्षितिज. आपली अँटेना ९ मीटरवर असेल तर साडेसहा मैल. समोरच्या जहाजाची ३६ मीटरवर असेल तर तेरा मैल. दोन्ही मिळून जवळजवळ वीस मैलांवरून ते जहाज पडद्यावर येतं. चौदा नॉटच्या वेगाने ते सरळ आपल्यावर येत असेल तरी हातात तासाभराहून जास्त वेळ आहे. तीच अँटेना जाळी अडकतात म्हणून केबिनच्या छपरावर तीन मीटरवर ठेवली की आपलं क्षितिज पावणेचार मैलांवर येतं. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला याच सूत्राने दोनशेवीस मैलांचं क्षितिज मिळतं. मुंबई-गोव्याची विमानं भाट्यातल्या घराच्या छपरावरच्या छोट्याशा १०९० च्या रिसीव्हरला सहज सापडतात, ती त्यामुळेच.

वर गेलेल्या अँटेनाचं पीक खाली येईपर्यंत केबल खाते. बारीक आरजी-५८ केबल दहा मीटर लांब घेतली तर या लहरींवर एक तृतीयांशाहून जास्त ताकद वाटेतच जिरते. जाड केबल महाग आणि वाकवायला अवघड, तरी मी तीच मागतो. कनेक्टरच्या आत पाणी गेलं की सगळं फुकट, म्हणून जोडावर आधी आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची आणि वरून साधी.

एक शत्रू हल्लीचा आहे: एलईडी दिवे. त्यांच्या आतल्या स्वस्त सर्किटमधून निघणारा गोंगाट नेमका वायरलेस आणि एआयएसच्या पट्ट्यात पडतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली याबद्दल इशारा दिला आणि तपासायची रीतही सांगितली. दिवे बंद करून वायरलेस शांत चॅनलवर लावायचा, खरखर थांबेल तिथवर स्क्वेल्चची कळ फिरवायची आणि मग एकेक दिवा लावायचा. ज्या दिव्याने खरखर परत आली तो गुन्हेगार. तो अँटेनापासून दूर न्यावा, नाहीतर बदलावा. होडी पाण्यात उतरण्याआधीच्या संध्याकाळी मी हा कार्यक्रम करतो आणि खलाशांना शेवटपर्यंत थांबवून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी नवा दिवा बसवणारे तेच असतात.

एवढं झालं की पडदा लागतो, आणि खाडीबाहेर पडल्यावर त्यावर त्रिकोण उमटू लागतात. दक्षिणेला रनपारच्या जेटीला येणारं गॅसचं जहाज, उत्तरेला जयगडला जाणारी कोळशाची जहाजं, त्यांच्यापलीकडे मुंबई-कोची वाटेवरची. नाव, वेग, दिशा, किती मिनिटांनी किती जवळून जाईल, सगळं लिहून येतं. आंतरराष्ट्रीय वाटेवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे. चालतं जहाज दर दोन ते दहा सेकंदांनी आपली जागा सांगतं, नांगरावर असलं की दर तीन मिनिटांनी. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे सुकाणूघरातून न दिसणारा समुद्राचा पट्टा असतो. तो दोन जहाजलांबी किंवा ५०० मीटर, यांत जे कमी त्यापर्यंत असू शकतो, आणि तेवढ्यात आपली अख्खी होडी आणि जाळं मावतं. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवरही फिकी उमटते. त्यांना आपण दिसणार नाही असं धरून, आपण त्यांना बघायचं.

इथेच मला होडी चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं. पडदा मोकळा दिसला म्हणजे समुद्र मोकळा, असं मन लगेच मानून घेतं. पण पडद्यावर तेच येतात, जे स्वतःहून बोलतात. शेजारच्या गिलनेटवाल्याकडे एआयएस नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्याजवळ भरतीची वाट बघत थांबलेल्या लहान होड्यांकडे नाही. पहाटे एका बॅटरीच्या उजेडात वल्हवत आलेल्या माणसाकडे तर काहीच नाही. घरच्या विमानवाल्यांनाही हे शिकावं लागतं. ट्रान्सपाँडर नसलेलं ग्लायडर त्यांच्या पडद्यावर येत नाही. म्हणून मी पडदा समोर, मधोमध लावत नाही. तो डाव्या बाजूला, थोडा खाली, आणि रात्री उजेड अगदी मंद. मधोमध काच राहते, आणि काचेपलीकडे समुद्र. नाखवे कुरकुरतात, पैसे मोजलेलं यंत्र कोपऱ्यात का म्हणून. या एका बाबतीत मी ऐकत नाही.

हवामानाचं तसंच, पण तिथे अडचण निरोपाच्या वयाची आहे. पूर्वी वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा बंदरावर चढला की किनाऱ्यावरून दिसायचा आणि समुद्रातल्या माणसाला आकाशवाणी रत्नागिरी मध्यम लहरींवर सांगायची. मोबाइल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर मुका होतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा आपल्याकडचे काही खलाशी परतले नाहीत. २०१७ साली दक्षिणेत ओखी वादळाने तेच केलं. त्यानंतर हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी नावाची पेटी आणली. ती गगन उपग्रह यंत्रणेवरून वादळाचे आणि उंच लाटांचे इशारे घेते आणि ब्लूटूथने खलाशाच्या मोबाइलवर देते. गगन ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मूळ विमानांसाठी, त्यांना आपली जागा अचूक कळावी म्हणून उभारलेली यंत्रणा. वैमानिकासाठी वर ठेवलेल्या उपग्रहाने मच्छीमाराला निरोप द्यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पेटी बसवताना तिला फक्त उघडं आकाश लागतं, पण डोलकाठी, दिवे आणि दोरखंड यांच्या गर्दीत ते शोधताना अर्धा दिवस जातो.

पण आलेला निरोप कधीचा आहे, हे आधी वाचायचं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने २०१२ साली वैमानिकांना बजावलं होतं की पडद्यावरचं पावसाचं चित्र, शेजारी लिहिलेल्या वयापेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी जुनं असू शकतं. वादळाच्या अंगाला त्या चित्रावरून वाट काढू नये, दुरूनच वळसा घालावा. आपल्या इशाऱ्यांनाही हेच लागू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला एक मोठं जहाज येऊन लागलं. वादळाच्या माऱ्यात लोखंडी जहाजाचीही ती गत होते, मग आपल्या होडीने तर दुरूनच वळावं.

आता इस्रोच्या ट्रान्सपाँडरची भर पडते आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये देशभरच्या एक लाख नौकांवर ते बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. त्यातून उपग्रहामार्गे किनाऱ्याशी दोन्ही बाजूंनी निरोप जातो, संकटाची हाक देता येते. हे मोठं काम आहे. पण काठावर एक समजूत पसरली आहे की ही पेटी लागली म्हणजे येणाऱ्या जहाजालाही आपण दिसू लागलो. तसं नाही. ती किनाऱ्याशी बोलते, शेजारच्या जहाजाच्या एआयएसशी नाही. आपण स्वतः जहाजाला दिसायचं असेल तर बोलणारा एआयएस, ४१९ ने सुरू होणारा नऊ आकडी क्रमांक आणि त्याचा परवाना लागतो. नुसता रिसीव्हर फक्त ऐकतो.

म्हणून काम संपल्यावर सुकाणूशेजारी मी मराठीत एक कागद लॅमिनेट करून चिकटवतो: कोणती पेटी कोणाशी बोलते, कोणती फक्त ऐकते, कुठला फ्यूज कुठे. आणि खाडीतच एकदा सराव करून घेतो. पडद्यावरच्या जहाजाचं नाव वाचायचं, चॅनल १६ वर त्याच नावाने हाक द्यायची, आपली जागा आणि जाळं कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं. ‘पुढचं जहाज, पुढचं जहाज’ म्हटलेलं कोणी अंगावर घेत नाही; नावाने मारलेल्या हाकेला सुकाणूघरातला माणूस उत्तर देतो. नावं रोमन लिपीत असतात, तेव्हा केबिनमधला शाळेत गेलेला पोरगा ती मोठ्याने वाचतो आणि तांडेल माइक हातात घेतो.