नाव तिचे, पेढी दुसऱ्याची

पेढीवर पाटी कोणाच्या नावाची आणि चोपड्यात भांडवल कोणाच्या खाती, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत हे व्यापाऱ्याच्या मुलाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. गादीवर बसता बसता ते त्याच्या कानावर पडत असते. त्याच घरातील मुलीला मात्र ते बहुधा कोणी सांगत नाही. तिचे लग्न मोडते, मूल कडेवर घेऊन ती माहेरी परतते, आणि वर्षा-दोन वर्षांनी काही उद्योग करावा असे तिच्या मनात येते, तेव्हा हा प्रश्न प्रथमच तिच्यापुढे उभा राहतो. पूर्वी अशा मुलीला धीर धरण्याचा सल्ला मिळे. आता त्यात आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे : स्वतःच्या नावाचा ब्रँड उभा कर. हा सल्ला चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. किती अपुरा, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील ब्राउनी वाइज या स्त्रीचे चरित्र समजून घ्यावे. जो माल तिने घरोघरी पोहोचविला, तो १९९६ पासून भारतातही विकला जाऊ लागला आणि खाखरे व पापड ठेवण्यासाठी अनेक स्वयंपाकघरांत जाऊन बसला. टपरवेअरचे डबे ठाऊक नाहीत असे घर विरळा. ब्राउनीचे नाव ठाऊक असलेले घर त्याहून विरळा.

तिचा जन्म १९१३ सालचा, जॉर्जिया राज्यातील. आई कामगार संघटनेच्या कामासाठी सतत फिरतीवर असे, त्यामुळे मुलगी नातेवाइकांच्या घरी वाढली. शिक्षण लवकर सुटले. पण किशोरवयातच आईबरोबर सभांना जाऊन चार लोकांपुढे उभे राहून बोलण्याची सवय झाली. १९३६ मध्ये डॅलस येथील प्रदर्शनात रॉबर्ट वाइज याच्याशी ओळख झाली, लग्न झाले आणि बिऱ्हाड मिशिगन राज्यात गेले. १९३८ मध्ये मुलगा झाला. १९४१ मध्ये घटस्फोट. संसार का मोडला याचा तपशील येथे उगाळण्याचे कारण नाही. पदरी तीन वर्षांचे मूल, हाती पदवी नाही, पाठीशी धन नाही, ही तिची त्या दिवशीची शिल्लक होती.

युद्धकाळात तिने एका विमानविषयक कारखान्यात सचिवाची नोकरी धरली. याच सुमारास ती आणखी एक गोष्ट करीत होती. डेट्रॉइटच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचे सदर असे. त्यात ती ‘हिबिस्कस’, म्हणजे आपले जास्वंद, या टोपणनावाने लिही. त्या पत्रांतील जास्वंदीचे घर सुंदर होते, नवरा प्रेमळ होता, अंगण फुलांनी भरलेले होते. प्रत्यक्षात यांतले काहीच नव्हते. कोणी याला मनाची फसवणूक म्हणेल. परंतु ती पत्रे हजारो गृहिणी वाचत होत्या, आणि गृहिणीच्या मनात कोणते घर असते, तिला काय ऐकावेसे वाटते, कोणत्या शब्दाने तिचा चेहरा उजळतो, याचा सराव लिहिणारीला रोज घडत होता. पुढे जिला विक्रीकला म्हणून नावाजले गेले, तिची मुळे या पत्रांत आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

युद्धानंतर तिने ‘स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स’ या कंपनीचे ब्रश, पोछे आणि सफाईचे सामान विकावयास घेतले. एका गृहिणीच्या दिवाणखान्यात तिच्या मैत्रिणी जमवायच्या, मालाचे प्रात्यक्षिक करून दाखवायचे आणि तेथेच मागणी नोंदवून घ्यायची, अशी ही पद्धत. ब्राउनीने पाहता पाहता मोठी विक्री उभी केली आणि व्यवस्थापनात बढती मागितली. ते स्त्रियांचे ठिकाण नव्हे, असे उत्तर तिला कंपनीच्या प्रमुखांकडून मिळाले, हे तिच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

तिकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात अर्ल टपर नावाचे संशोधक एका वेगळ्याच अडचणीत होते. पॉलिथिलीनपासून त्यांनी हलकी, न फुटणारी भांडी तयार केली होती. १९४६ मध्ये ती बाजारात आणली. झाकणाची खुबी अशी की ते दाबून आतली थोडी हवा बाहेर काढली म्हणजे डबा घट्ट बसे, उलटा केला तरी थेंब सांडत नसे. माल उत्तम, पण दुकानांतून तो हलेना. कारण ते झाकण कसे लावायचे हेच गिऱ्हाइकाला कळत नसे. वस्तू कितीही चांगली असली तरी ती कोणीतरी हाताळून दाखवावी लागते, हे कापडाच्या दुकानात ठाण उलगडणाऱ्या कोणालाही सांगायला नको. ब्राउनीने हे भांडे आपल्या दिवाणखान्यातील विक्रीत घेतले. पातळ पदार्थाने भरलेला डबा ती जमलेल्या स्त्रियांसमोर सरळ हवेत फेकून देई. झाकण निघत नसे. पुढे भाषण करण्याची गरजच उरत नसे.

१९५० मध्ये ती आई आणि मुलासह फ्लोरिडाला आली. ‘पॅटिओ पार्टीज’ या नावाने तिचा स्वतःचा व्यवसाय चालू होता. कारखान्याकडून माल वेळेवर येत नव्हता, म्हणून १९५१ मध्ये तिने थेट टपर यांना फोन लावून फैलावर घेतले. त्यांनी तिला भेटीस बोलाविले. त्या भेटींतून जो निर्णय झाला तो धाडसी होता : टपर यांनी आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि तो केवळ घरगुती मेळाव्यांतून विकायचे ठरविले. त्यासाठी वेगळी कंपनी काढली आणि घटस्फोटाला दहा वर्षे झालेल्या, शाळा अर्धवट राहिलेल्या या स्त्रीला तिचे उपाध्यक्षपद दिले.

पुढची सहा-सात वर्षे हा तिच्या कर्तृत्वाचा काळ. मेळावा भरविणाऱ्या गृहिणीला भेटवस्तू, विकणारीला कमिशन, तिच्यावर व्यवस्थापक, त्यावर वितरक, अशी ती रचना. पण नुसत्या कमिशनवर अशी फौज उभी राहत नाही. ज्यांना घरात कोणी कौतुकाचा शब्द बोलले नव्हते अशा स्त्रियांची नावे ती संस्थेच्या पत्रिकेत छापी, त्यांना स्वतःचे पोशाखही बक्षीस देई. कच्च्या पॉलिथिलीनचा एक काळाकुट्ट गोळा ती जवळ बाळगी. त्याला हात लावून मनातली इच्छा बोला आणि कामाला लागा, असे विक्रेत्या स्त्रियांना सांगे. फ्लोरिडातील किसिमी येथे संस्थेचे मुख्य ठाणे होते. तेथील १९५४ च्या मेळाव्यात जमिनीत बक्षिसे पुरून ठेवून ती स्त्रियांकडून फावड्यांनी उकरून काढविण्यात आली. हा प्रकार थोडा भडकच. मात्र आलेल्या बायका तो आयुष्यभर विसरल्या नाहीत. माणसे घडवा, ती धंदा घडवतील, असे तिच्या विचाराचे सार होते.

टपर यांना प्रसिद्धी आवडत नसे. ब्राउनीला ती उत्तम साधत असे. साहजिकच छायाचित्र तिचे, मुलाखत तिची, सही तिची. १७ एप्रिल १९५४ च्या ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र आले. त्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री. एक गंमत म्हणजे, जे ‘वाइज’ आडनाव तिने जगभर नेले ते घटस्फोट झालेल्या नवऱ्याचे होते. इंग्रजीत त्याचा अर्थ शहाणा, आणि १९५७ च्या आपल्या पुस्तकावरही तिने तेच आडनाव मिरविले.

जानेवारी १९५८ मध्ये टपर यांनी तिला कामावरून दूर केले.

दोघांत बेबनाव कशामुळे झाला याची कारणे अनेक सांगितली जातात, आणि दोष एकाच बाजूला होता असेही नाही. प्रसिद्धीचा वाटा, खर्चाचे हात मोकळे असणे, दोन हट्टी स्वभाव. येथे महत्त्वाचे आहे ते काढून टाकल्यानंतर निघालेले हिशेबाचे पान. कंपनीत तिचा एकही शेअर नव्हता. ज्या तळ्याकाठच्या घरात ती आई आणि मुलासह राहत होती, ते घरही कंपनीचे. तिने दावा लावला. अखेर सुमारे ३०,००० डॉलर, म्हणजे एका वर्षाच्या पगाराएवढी रक्कम घेऊन तो मिटवावा लागला. त्याच वर्षी टपर यांनी कंपनी विकली, सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरना. तिच्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती कार्यालयामागे खड्ड्यात पुरल्या गेल्या असे सांगतात, आणि कंपनीच्या इतिहासातून तिचे नाव दीर्घकाळ गाळले गेले.

एखाद्या अनोळखी व्यक्तीने कर्जासाठी अर्ज केला असता तर बँकेचा अधिकारी जे पहिले पाहतो, ते १९५१ च्या त्या भेटीत तिने पाहिले नाही. नावलौकिक हा मालमत्तेचाच प्रकार आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ तर तो पेढीच्या मालमत्तेत स्पष्टपणे मोजतो. प्रश्न इतकाच की तो पेढीच्या मालमत्तेत गेला, आणि तुम्ही भागीदार नसाल, तर तुमच्या हाती काय? त्या दिवशी टपर यांना तिची गरज होती, तिचा स्वतःचा चालता व्यवसाय होता. मागायची ती हीच वेळ होती. पण मूल वाढवीत एकटीने दहा वर्षे काढलेल्या माणसाला नियमित पगार आणि डोक्यावर छप्पर यांचे मोल शेअरच्या कागदापेक्षा अधिक वाटावे, यात नवल नाही. घटस्फोटानंतर माणूस प्रथम स्थैर्य शोधतो. आणि जो ते देतो त्याच्याशी वाटाघाट करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते.

ही अमेरिकेची गोष्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही. महाराष्ट्रातील व्यापारी घरांत माहेरी आलेली मुलगी हल्ली मसाले, खाखरे, साड्या, बांधणीचे दुपट्टे असे काहीतरी सुरू करते. फोनवर तिचा चेहरा असतो, चव किंवा निवड तिची, गिऱ्हाईक ‘ताईंचा माल’ म्हणून मागते. शॉप अ‍ॅक्टचा दाखला मात्र भावाच्या नावे, जीएसटी वडिलांच्या फर्मचा, चालू खाते दुकानाचेच. हे सारे मायेनेच झालेले असते. वेगळी कटकट कशाला, घरचेच तर आहे. मायेत खोट नसते, कागदात असते. पाच वर्षांनी तिला यंत्रासाठी कर्ज हवे असते, तेव्हा बँक तिच्या नावाची विवरणपत्रे मागते. ती नसतात. पाच वर्षांची उलाढाल भावाच्या फर्मच्या पतीत जमा झालेली असते. तोपर्यंत भावाची मुले मोठी झाली असली आणि वाटणीची बोलणी निघाली, म्हणजे तर बोलायलाच नको.

निर्वाहाच्या एकरकमी रकमेचेही तेच. हिंदू विवाह कायदा, १९५५ जैनांनाही लागू आहे आणि त्याच्या २५ व्या कलमाखाली कायमच्या निर्वाहाची रक्कम एकरकमी ठरू शकते. ती पुष्कळदा ‘घरातच राहील’ म्हणून दुकानाच्या भांडवलात टाकली जाते, नोंदीशिवाय. टाकायचीच असेल तर तिच्या नावे ठेव म्हणून खतावावी, व्याज आकारावे आणि वर्षअखेरीस खातेउताऱ्यावर सही द्यावी. परक्या सावकाराच्या बाबतीत जी शिस्त पाळली जाते तीच. ब्रँडच्या नावाची नोंदणी ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ खाली दहा वर्षांसाठी होते आणि पुढे नूतनीकरण करता येते. अर्जदार म्हणून तिचेच नाव असावे. आणि त्या ब्रँडमध्ये सासरचे आडनाव गुंफलेले असेल, तर नोंदणीपूर्वी त्याचा विचार व्हावा. पॅन, आधार आणि खाते यांवर पुढे कोणते नाव राहणार हेही तेव्हाच ठरवावे.

याउलट उदाहरणही मुंबईतच आहे. ब्राउनीला काढून टाकले त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ मार्च १९५९ रोजी, गिरगावातील लोहाणा निवासच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. त्यांतून लिज्जत उभे राहिले. तेथे पापड लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीत भागीदार मानली गेली. कोणा एकीचा चेहरा पाकिटावर आला नाही. ब्राउनीसारख्या स्वभावाला ते मानवले असते असे वाटत नाही. तिला नाव हवे होते आणि त्यात गैर काही नव्हते.

पुढे तिने ‘सिंड्रेला’ नावाची सौंदर्यप्रसाधनांची कंपनी काढली. ती चालली नाही. पद्धत तीच होती, माणूस तेच होते, पण या वेळी हाती तो डबा नव्हता. उरलेले आयुष्य तिने किसिमीच्या परिसरातच काढले. मुलगा जवळ, घोडे, मातीची भांडी घडविण्याचा छंद. टपर यांनी अमेरिकेचे नागरिकत्व सोडले आणि १९८३ मध्ये कोस्टा रिका येथे त्यांचे निधन झाले. ब्राउनी १९९२ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी गेली. टपरवेअर कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्राउनीची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.