बिअर की लस्सी?

स्टॉकहोमला गेलात, तर सोदरमाल्म बेटावरच्या ‘ओम्निपोलोज हॅट’मध्ये डोकावाच. ‘बियांका मँगो लस्सी गोझे’ मिळाली, तर सोडू नका. ग्लासातलं डेझर्टच ते! वास थेट आंब्याचा, पण पहिल्याच घोटाला जीभ दचकते. कारण गोझे ही मुळात जर्मनीतल्या गोस्लारची आंबट-खारट बिअर. आंबटपणा लॅक्टिक बॅक्टेरियाचा. गोडी आणि दाटपणा दुधातल्या लॅक्टोजचा, जो बिअरच्या यीस्टला पचतच नाही.

मग हिला बिअर म्हणायचं का? आमचं मत, हो! मीठ गोडाला वेसण घालतं, म्हणून दुसरा घोट घ्यावासा वाटतो. दुसरा ग्लास मात्र नको. एकच मागवा, दोघांत घ्या. आणि दूध पचत नसेल, तर लांबूनच रामराम!