अर्धवट यंत्रं विकणारी कंपनी

१९५८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं ‘डेक’ म्हणत असू त्या कंपनीनं, जो पहिला माल बाजारात आणला तो संगणक नव्हता. त्या होत्या छोट्या छोट्या पेट्या. पेटीच्या दर्शनी पट्टीवर आतल्या सर्किटची आकृती छापलेली आणि त्या आकृतीवरच वायर खोचायची भोकं. एकीत फ्लिप-फ्लॉप, दुसरीत गेट, तिसरीत क्लॉक. गिऱ्हाइकानं पेट्या न्यायच्या, शेजारी शेजारी लावायच्या, वायरींनी जोडायच्या आणि स्वतःला हवं ते यंत्र उभं करायचं. कंपनीचा गिऱ्हाइकाशी करार एवढाच: सुटे भाग भरवशाचे मिळतील, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

डिजिटल हार्डवेअरच्या दुरुस्तीत माझी सारी नोकरी गेली, आणि त्यातली बरीच वर्षं डेकच्या यंत्रांपाशी. या कंपनीच्या भरभराटीवर इंग्रजीत पुष्कळ लिहून झालंय. कुणी संस्थापकाच्या स्वभावाला श्रेय देतं, कुणी भांडवल पुरवणाऱ्याच्या नजरेला. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आतून पाहिलेल्या माणसाला दिसतं ते थोडं वेगळं. १९५७ ते १९७० या तेरा वर्षांत डेक वाढली ती अर्धवट यंत्रं विकून, आणि उरलेलं अर्धं काम गिऱ्हाइकाला आनंदानं करू देऊन.

मुळात हे सगळं आलं एमआयटीतून. तिथं व्हर्लविंड नावाचा मोठा संगणक उभा राहत होता आणि त्याच्यासाठी जे फॉरेस्टर यांनी चुंबकीय कड्यांची, म्हणजे कोअर मेमरी काढली होती. ही मेमरी व्हर्लविंडला जोडण्याआधी तपासायची कशी? त्यासाठी वेगळा संगणकच बांधायचं ठरलं आणि ते काम केन ऑल्सन या तरुण इंजिनिअरकडे आलं. पुढे लिंकन प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरवर चालणारे टीएक्स-० आणि टीएक्स-२ हे संगणक झाले, त्यातही तो होता. टीएक्स-० पुढे एमआयटीच्या आवारात आला, तेव्हाची एक गोष्ट ऑल्सनच्या मनात घर करून राहिली. तिथल्या विद्यार्थ्यांना आयबीएमचं मोठं यंत्र उपलब्ध होतं, पण पोरं रात्ररात्र बसायची ती टीएक्स-०पाशी. कारण साधं होतं. आयबीएमच्या यंत्राला कार्डांचा गठ्ठा खिडकीतून द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. टीएक्स-०समोर स्वतः बसता यायचं, बटणं दाबता यायची, चुकलं तर तिथल्या तिथे कळायचं.

ऑल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोघे १९५७ मध्ये पैसे मागायला गेले ते हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट या संस्थेकडे. ऑल्सन नंतर सांगत असत की संचालक मंडळापुढे जाण्याआधी तिथल्या लोकांनी त्यांना पढवून ठेवलं होतं: संगणकाचं नाव काढू नका, त्या धंद्यात कुणालाच पैसा मिळत नाहीये, पाच टक्के नफ्याची भाषा करू नका, तेवढ्यासाठी कोण पैसे घालेल, आणि नफा लवकर दाखवा, कारण मंडळातली बरीच मंडळी ऐंशीच्या घरात आहेत. ७०,००० डॉलर मिळाले, बदल्यात कंपनीचा ७० टक्के हिस्सा गेला. आजच्या स्टार्टअपवाल्या पोरांना हा सौदा सांगितला की ती कपाळाला हात लावतात. तोच हिस्सा १९७०च्या सुमारास ३५ कोटी डॉलरच्या आसपास पोचला होता, हे त्यांना नंतर सांगावं.

मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी लोकरीची एक जुनी गिरणी होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याला कापड पुरवलेली ही गिरणी तोवर बंद पडली होती. तिच्यात साडेआठ हजार चौरस फुटांच्या आसपास जागा भाड्यानं घेऊन डेक सुरू झाली. पहिल्या वर्षाची विक्री ९४,००० डॉलर, आणि चक्क नफा. डोरिओंना म्हणे याचीच काळजी वाटली. इतक्या लवकर नफ्यात आलेली कंपनी टिकलेली त्यांनी पाहिली नव्हती.

पेट्यांमधून संगणकाकडे जायला दोन वर्षं लागली. बेन गर्ली या इंजिनिअरनं डेकच्याच मॉड्यूलांतून पीडीपी-१ बांधला. डिसेंबर १९५९ मध्ये बोस्टनच्या संगणक परिषदेत तो लोकांनी पाहिला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पहिलं यंत्र बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या सल्लागार संस्थेकडे पोचलं. किंमत १,२०,००० डॉलर. मोठ्या यंत्रांच्या किमती तेव्हा दहा लाखांच्या पुढे होत्या आणि आयबीएमची बहुतेक यंत्रं भाड्यानंच जात. डेक सरळ विकून मोकळी होई. विकणारी माणसं स्वतः इंजिनिअर होती आणि त्यांना कमिशन नव्हतं, पगार होता. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ते मारण्यात कुणाचाच फायदा नव्हता. विक्रीच्या धंद्यात हे किती दुर्मीळ आहे, ते ज्यांनी सरकारी खरेदीच्या निविदा हाताळल्यात त्यांना विचारा.

पीडीपी-१ एकूण ५३ बनले. त्यातला मोठा वाटा आयटीटी या दूरसंचार कंपनीनं तारसंदेश वळते करण्यासाठी घेतला आणि डेकचा जीव भांड्यात पडला. एक यंत्र डेकनं १९६१ मध्ये एमआयटीला फुकट दिलं. त्यावर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. डेकचे तंत्रज्ञ पुढे यंत्र पाठवण्यापूर्वीची शेवटची चाचणी म्हणून हाच खेळ चालवत, असं सांगतात. चाचणीसाठी हा प्रोग्रॅम उत्तमच. पडदा, गणित, वेळ आणि माणसाचा हात हे सगळं एकदम तपासलं जातं. तो लिहिणाऱ्याला डेकनं मात्र एक पैसा दिला नव्हता. १९६१ मध्येच वापरणाऱ्यांची ‘डेकस’ ही संघटना सुरू झाली. एकानं लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला मिळायचा. कंपनीकडे सॉफ्टवेअर लिहायला माणसं कमी होती आणि ती उणीव गिऱ्हाइकांनीच भरून काढली.

पण खरी कलाटणी मिळाली ती कॅनडातून. चॉक रिव्हर इथल्या अणुसंशोधन केंद्राला अणुभट्टीवर देखरेख ठेवायची होती. मुख्य काम डेकचा पीडीपी-४ करणार होता, पण अणुभट्टीकडून येणारे संकेत गोळा करून त्याला देणारं काहीतरी मध्ये हवं होतं. नेहमीच्या पद्धतीनं त्यासाठी खास एक सर्किट बांधून दिलं असतं. एडसन डी कॅस्ट्रो हा तरुण इंजिनिअर त्या कामावर होता. डेकमधल्याच गॉर्डन बेल यांनी वेगळा विचार मांडला. एकाच कामाचं सर्किट कशाला? त्याऐवजी छोटा, १२ बिटांचा, प्रोग्रॅम करता येणारा संगणकच बांधू, म्हणजे उद्या तो दुसऱ्यालाही विकता येईल. हा पीडीपी-५. साल १९६३, किंमत २७,००० डॉलर. काटकसर किती, तर प्रोग्रॅम काउंटरसाठी वेगळं रजिस्टरसुद्धा दिलेलं नव्हतं, मेमरीतली शून्य क्रमांकाची जागाच त्यासाठी वापरली होती. हार्डवेअरच्या माणसाला हे वाचून हसूही येतं आणि कौतुकही वाटतं.

दोन वर्षांत त्याचाच सुधारलेला अवतार आला, पीडीपी-८. १८,००० डॉलर. हे यंत्र टेबलावर मावायचं, धुरकट पारदर्शक झाकणाआडून आतली कार्डं दिसायची. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात या घराण्यातलं एक यंत्र अजून चालतं होतं, आणि त्यावरच मी शिकले. आधी कार्डं सांगते. तळहाताएवढं कार्ड, डेक त्याला ‘फ्लिप-चिप’ म्हणे. ते मागच्या बॅकप्लेनवरच्या खाचेत बसतं आणि बॅकप्लेनच्या मागे पिनांना वायरी गुंडाळलेल्या असतात, डाग न देता. या वायरी गुंडाळायचं काम डेकनं गार्डनर-डेन्व्हरच्या स्वयंचलित यंत्रांवर टाकलं. एक संगणक बांधणं आणि हजार संगणक बांधणं यांतला फरक इथं पडला. कारखान्याच्या बाजूनं विचाराल तर पीडीपी-८च्या यशात या वायर गुंडाळणाऱ्या यंत्राचा वाटा सर्किटच्या आराखड्याइतकाच मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आता हे यंत्र चालू कसं करायचं? वीज दिली की दिवे लागायचे आणि यंत्र गप्प बसायचं. त्याला काहीच येत नसे. समोर १२ स्विचेस, तीन-तीनच्या गटात, म्हणजे प्रत्येक गटाचा एक अष्टमान अंक. आधी ७७५६ हा पत्ता स्विचेसवर लावायचा, ‘लोड ॲड्रेस’ दाबायचं. मग ६०३२ लावून ‘डिपॉझिट’. मग ६०३१, डिपॉझिट. मग ५३५७, डिपॉझिट. अशा एकूण १६ ओळी. पहिली ओळ टेलिप्रिंटरचा रीडर मोकळा करते, दुसरी विचारते की अक्षर आलं का, तिसरी म्हणते, नसेल आलं तर परत विचार. एवढं चढवलं की यंत्राला कागदी पट्टी वाचता येते. मग टेलिप्रिंटर सेकंदाला दहा अक्षरं या गतीनं खडखडत पट्टी ओढतो आणि मोठा लोडर आत जातो, त्याच्यामागून तुमचा प्रोग्रॅम. कोअर मेमरी वीज गेली तरी विसरत नाही, त्यामुळे हा खटाटोप रोज करावा लागत नसे. एखाद्याच्या प्रोग्रॅमनं मेमरीचं शेवटचं पान पुसलं की मात्र पुन्हा स्विचेस. आमच्याकडचे तंत्रज्ञ ते आकडे न बघता लावायचे, बोटांनाच पाठ झालेले असायचे.

या यंत्राच्या मूळ आज्ञा फक्त आठ. वजाबाकीची आज्ञाच नाही. संख्या उलटवून, एक मिळवून, बेरीज करायची. मेमरी ४०९६ शब्दांची. आजच्या हिशेबानं हे केविलवाणं वाटेल. पण ज्याला वर्तमानपत्राची अक्षरजुळणी करायची होती, रासायनिक कारखान्यातले व्हॉल्व्ह सांभाळायचे होते किंवा प्रयोगशाळेतली मोजमापं टिपायची होती, त्याला याहून जास्त काही नकोच होतं. असे उद्योजक डेककडून यंत्रं घेत, स्वतःच्या उपकरणात बसवत, स्वतःचा प्रोग्रॅम घालत आणि स्वतःच्या नावानं विकत. डेकला ते चालायचं, तिनं अशा गिऱ्हाइकांना सवलतही दिली. पीडीपी-८च्या घराण्यातली ५०,०००हून जास्त यंत्रं खपली. ती सगळी डेकच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून खपवली असती, असं मला वाटत नाही.

याच काळात पीडीपी-६ नावाचा ३६ बिटांचा मोठा संगणक काढून कंपनीनं हात पोळून घेतले. जेमतेम २३ बनले. ऑल्सननं मग प्रत्येक यंत्रमालिकेचा जबाबदार माणूस वेगळा नेमला, नफातोटा त्याच्या माथी. मोठ्या यंत्राचा पाठीराखा असलेला अँडरसन १९६६ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी डेकचे शेअर बाजारात आले, २२ डॉलरला एक. १९७० साली वर्षाची विक्री साडेतेरा कोटी डॉलरच्या घरात होती आणि पीडीपी-११ बाजारात आला होता. त्याच्या आदल्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसननं फारसा कुणी वापरत नसलेल्या एका पीडीपी-७वर युनिक्सची सुरुवात केली होती. पुन्हा तेच: यंत्र डेकचं, पुढचं काम गिऱ्हाइकाचं.

या वाढीचे धागे आपल्याकडेही आलेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. १२ बिटांचा, पीडीपी-८च्या वळणावर गेलेला. हैदराबादच्या ईसीआयएलनं तो पुढे कारखान्यात बनवला. दुसरा धागा भांडणातून निघाला. डी कॅस्ट्रोचा १६ बिटांच्या यंत्राचा प्रस्ताव डेकनं नाकारला, तेव्हा तो १९६८ मध्ये दोन सहकाऱ्यांसह बाहेर पडला आणि त्यानं डेटा जनरल ही कंपनी काढली. तिची यंत्रं भारतात विकायचं काम पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सकडे आलं. पटनीच्या मुंबईतल्या सॉफ्टवेअर विभागातून नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी निघाले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. ऑल्सननं तो प्रस्ताव मान्य केला असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायच्या भरीला मी पडत नाही.

अर्धवट यंत्र विकायची सवय पुढे डेकच्या अंगाशीही आली. जोडणी करायला उत्सुक इंजिनिअर असेतोवर ती चालली. खोक्यातून काढून प्लगला लावायचं आणि पत्र टाइप करायचं, असा गिऱ्हाईक ऐंशीच्या दशकात आला, तेव्हा त्याच्याशी काय बोलावं हे डेकला कधी नीट उमगलं नाही. १९९८ मध्ये कॉम्पॅक या पीसी बनवणाऱ्या कंपनीनं तिला विकत घेतलं.

संगणकशाखेत शिकणाऱ्या वाचकांना एक सांगणं आहे. डेक आपली ‘स्मॉल कॉम्प्युटर हँडबुक’ आणि ‘लॉजिक हँडबुक’ ही पुस्तकं पंचांगासारख्या स्वस्त कागदावर छापून ढीगभर वाटायची, यंत्र घ्या किंवा घेऊ नका. आतल्या आज्ञा, वेळेचे आलेख, कोणत्या पिनेवर काय येतं, सगळं उघड. ती पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. पीडीपी-८ची आठ आज्ञांची प्रकरणं दोन संध्याकाळींत वाचून होतात, त्याचे सिम्युलेटरही फुकट आहेत. वर दिलेल्या पहिल्या तीन ओळी त्यावर चढवून पाहा आणि उरलेल्या तेरा हँडबुकात शोधा.