दोन गिरक्या

माझी भाची संगमनेरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला नगरला आली आणि फराळाची ताटली बाजूला सारून तिनं माझ्यापुढे चार छापील पानं ठेवली. "मामा, एवढं तपासून दे ना." मला वाटलं, कॉलेजचा प्रोजेक्ट असेल. वर मथळा होता : ७२०°. मराठी विकिपीडियासाठी तिनं लिहिलेली एका जुन्या व्हिडिओ गेमची नोंद. अटारी गेम्सनं १९८६ साली काढलेला, नाणं टाकून उभ्यानं खेळायच्या यंत्रातला, स्केटबोर्डवरच्या मुलाचा खेळ. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

पानं हातात आली तेव्हा दुपार होती. संपली तेव्हा अंगणात पणत्या लागल्या होत्या.

खेळ असा. स्केट सिटी नावाचं एक शहर आहे. पोरगा फळीवर उभा राहून त्याच्या रस्त्यांवरून सुटतो, उड्या मारतो, हवेत गिरक्या घेतो. कसरतींचे गुण मिळतात, गुणांमधून तिकीट मिळतं, आणि तिकीट असेल तरच चार मैदानांपैकी एकात शिरता येतं. दुकानांतून बूट, हेल्मेट, गुडघ्यांची ढापणं, नवी फळी घेता येते. रस्त्यावर रेंगाळलात, वेळ संपली, की पडद्यावर 'स्केट ऑर डाय' अशी ताकीद उमटते आणि मधमाश्यांचं मोहोळ पाठीमागे लागतं. नाव आलंय ते हवेत घेतलेल्या दोन पूर्ण गिरक्यांवरून : तीनशे साठ आणि तीनशे साठ. जॉन साल्विट्झ आणि डेव्ह राल्स्टन यांनी तो रचला. सायकलवरून दारोदार पेपर टाकणाऱ्या पोराचा 'पेपरबॉय'ही त्यांचाच. चाकांवरच्या पोरांवर या दोघांचा जीव असावा असं मला वाचताना वाटलं, पण हे वाटणं माझं. नोंदीत त्याला जागा नाही.

पहिली लाल खूण मी दुसऱ्या पानावर केली. भाचीनं लिहिलं होतं, 'हा खेळ स्केट ऑर डाय या नावानंही ओळखला जातो.' इथं दोन खेळांची गल्लत झाली होती. ती ताकीद ७२०° मधली, आणि 'स्केट ऑर डाय' हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा वेगळा खेळ, पुढच्याच वर्षी, १९८७ ला आलेला. घोषवाक्य एकाचं, नाव दुसऱ्याचं. अशी चूक ज्ञानकोशात एकदा बसली की तिला पाय फुटतात. पुढचा लेखक तिथून उचलतो, त्याच्याकडून तिसरा. म्हणून खूण जरा जोरातच झाली. कागद फाटला थोडा.

दुसरी खूण 'नियंत्रण अतिशय सोपे आहे' या वाक्यावर. समासात लिहिलं : कोण म्हणतं?

हा प्रश्न मी तिला विचारला खरा, पण तो माझ्याकडेच वळला. ते यंत्र मीही कधी पाहिलेलं नाही. भाचीनं ते लॅपटॉपवर चालवून पाहिलं, बाणांची बटणं दाबून. मूळ यंत्राला बाणांची बटणं नव्हती. त्याची दांडी गोल मार्गानं फिरायची, आणि दांडी जितकी फिरवाल तितका पोरगा फिरायचा. बटणावर बोट ठेवून त्या मनगटाचं काय कळणार?

मी जे पाहिलं ते वेगळं. नव्वदीच्या दशकात आमच्या गल्लीत एका घरी टीव्ही गेम आला होता. कॅसेट बसली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. त्यात 'ॲडव्हेंचर आयलंड' होता, हडसन कंपनीचा, तोही १९८६ चाच. पानांचं कटिवस्त्र ल्यालेला एक टोपीवाला जंगलातून फळं गोळा करत पळतो. वाटेत अंडं फोडलं तर कधी कधी आतून स्केटबोर्ड निघायचा. त्यावर तो चढला की थांबणं नाही. वेग कमी करता येतो, उडी मारता येते, उभं राहता येत नाही. आम्ही पाच-सहा पोरं पडद्यापुढे मांडी घालून बसलेलो असायचो आणि फळी आली की सगळ्यांचे खांदे एकदम पुढं झुकायचे. त्या वस्तूला स्केटबोर्ड म्हणतात हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिला गाडी म्हणायचो, कारण तशी गाडी आमच्याकडे होती.

बेअरिंगची गाडी. ट्रकच्या गॅरेजमधून निकामी बेअरिंग मागून आणायचे. ग्रीसनं काळे झालेले, रॉकेलनं धुतले की चांदीसारखे निघत. मागं दोन, पुढं एक. पुढचा आडव्या लाकडावर, ते लाकूड मधोमध एका बोल्टवर फिरतं, दोन्ही टोकांना सुतळी, तीच लगाम. वर खोक्याची फळी. एकानं बसायचं, दुसऱ्यानं पाठीला हात लावून ढकलायचं आणि उतार लागला की सोडून द्यायचं. डांबरावर त्या लोखंडाचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाई आणि म्हातारी माणसं ओट्यावरून ओरडत. ब्रेक म्हणजे टाचा. माझ्या डाव्या टाचेवर त्या उताराची खूण अजून आहे.

हे सगळं त्या नोंदीत जाऊ शकत नाही, जाऊही नये. पण भाचीचे शब्द तपासताना मला तीच फळी उपयोगी पडली. 'हाफ-पाईप' या शब्दापाशी ती अडली होती, तिनं 'अर्धनळी' लिहिलं होतं. मी खोडून लिहिलं : पन्हळ. कौलारू घराच्या वळचणीला पावसाचं पाणी वाहून नेणारी ती उघडी अर्धगोल पन्हळ, ती माणसाएवढी मोठी केली की स्केटवाल्यांचं मैदान होतं. 'स्लालम'साठी नागमोडी वाट. 'स्पिन' तर सरळ गिरकीच. भिंगरी, फुगडी, गिरकी : गरगर फिरण्याला आपल्याकडे इतके शब्द आहेत की या खेळाची नोंद मराठीत आधीच व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटलं. १९९९ साली स्केटबोर्डपटू टोनी हॉकनं स्पर्धेत नऊशे अंशांची उडी साधली, तेही भाचीनं एका ओळीत दिलं होतं. मी कंसात घातलं : अडीच गिरक्या.

रात्री झोप येईना. ज्यानं यंत्र पाहिलं नाही त्यानं त्या यंत्राची नोंद तपासावी का? मग म्हाइंभट आठवले. आमच्या नगर जिल्ह्यातल्या सराळ्याचे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर, तेराव्या शतकात, त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, ज्यांनी स्वामींना पाहिलं त्या एकेकाला गाठून, आणि त्या ऋद्धिपूरला नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतल्या. लीळाचरित्र हा ग्रंथ असा झाला. पुढं मूळ पोथी हरवली, हिराइसासारख्या शिष्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी करावी लागली. आणि जिथं दोघांची आठवण जुळेना तिथं त्यांनी दोन्ही पाठ ठेवले, कुणाचा कोणता ते नावासकट. सातशे वर्षांपूर्वी या माणसांना ठाऊक होतं की साक्षीदार कोण हे सांगितल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. भाचीच्या नोंदीखालच्या संदर्भांच्या यादीकडे मी तेव्हापासून वेगळ्या आदरानं पाहतो.

सकाळी तिला म्हणालो, "ते सोपं आहे हे वाक्य काढ. दांडी कशी फिरते ते लिही." यंत्राची जुनी माहितीपुस्तिका तिनं मिळवली होती. त्यात चित्र होतं, दांडीचं गोल फिरणं बाणांनी दाखवलेलं. चित्र आम्ही दोघांनी खूप वेळ पाहिलं. ती म्हणाली, "हे शब्दांत कसं सांगू?"

मी तिला मागच्या पडवीत नेलं. तिथं आईचं जातं आहे. हळदकुंकवापुरतंच उरलेलं, पण जागेवर आहे.

"खुंटा धर."

तिनं धरला. हात पुढं गेला, वळला, अंगाकडे आला. खुंटा कुठंही अडला नाही, सोडावाही लागला नाही. दुसऱ्या फेऱ्याला तिचा खांदाही त्यात आला.

आतून आई म्हणाली, "रिकामं जातं फिरवू नये गं," आणि ओंजळीत बाजरी घेऊन आली. जात्याच्या तोंडात मूठभर टाकली. भाचीनं पुन्हा खुंटा धरला. पाळूभोवती पीठ उतरू लागलं, करडं, कोमट. एका हातानं फिरवत दुसऱ्या हातानं तिनं मोबाइल उघडला आणि अंगठ्यानं टिपून ठेवलं : जात्याच्या खुंट्यासारखी गोल फिरणारी दांडी.